परका मासा पुन्हा पाण्यात सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळ टाकायला जाणाऱ्या हौशी मंडळींमध्ये अलीकडे एक चांगला रिवाज रुजला आहे. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि अलगद पाण्यात सोडून द्यायचा. महसीर, मरळ, वाम अशा आपल्या नद्यांतल्या माशांसाठी तो योग्यच आहे आणि मीही तो कसोशीने पाळतो. पण चिलापी, आफ्रिकन मांगूर आणि सकर या बाहेरून येऊन आपल्या माशांना मागे सारणाऱ्या माशांनाही तोच न्याय लावला जातो, हे पाहून फार वाईट वाटते.

चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात ती 1952 साली आणली गेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. अशी मादी गळाला लागून काठावर आली की कधी कधी तिच्या तोंडातून पिल्ले बाहेर पडू लागतात. पोटाशी अजून पिवळा बलक असलेली, नुसते डोळेच ठळक दिसणारी. ती मादी परत सोडली, तर एक मासा नव्हे, अख्खी वीण पाण्यात जाते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तर पकडलेली चिलापी जवळ बाळगायलाही मनाई आहे. तिला तिथेच मारून पाण्यापासून दूर पुरायला किंवा कचऱ्यात टाकायला सांगतात, कारण मेलेल्या मादीच्या तोंडातली अंडीही जगू शकतात. आपल्याकडे इतक्या टोकाला जाण्याची गरज नाही. उजनीच्या काठावरची कितीतरी कुटुंबे चिलापीवर जगतात आणि ती खायलाही चांगली आहे. म्हणून लागलेली चिलापी घरी न्या, शिजवा, शेजाऱ्याला द्या. फक्त पाण्यात परत सोडू नका आणि जिवंत तर दुसऱ्या तळ्यावर मुळीच नेऊ नका, आमिष म्हणूनही नाही.

मांगुराचे प्रकरण जास्त गंभीर आहे. केंद्राने 2000 साली या आफ्रिकन माशाच्या पैदाशीवर बंदी घातली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आपल्या राज्याला त्याची तळी नष्ट करायला सांगितले, तरी नद्यांत तो सापडतोच. तो मीटरभराहून लांब वाढतो, समोर येईल तो मासा गिळतो आणि हवेतून श्वास घेत असल्यामुळे पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. काही जण त्याला ‘मरेल आपोआप’ म्हणून काठावर टाकून निघून जातात. हे वाईट आहे. एक तर तो तासन्‌तास तडफडतो, आणि ओल्या जमिनीवरून सरपटत परत पाणीही गाठू शकतो.

मारायचेच तर एका घावात मारावे. ओल्या फडक्याने मासा घट्ट धरायचा आणि डोळ्यांच्या थोडे मागे, डोक्यावर जड दांडक्याचा जोरदार फटका द्यायचा. सकर माशाच्या अंगाला आणि डोक्याला हाडाचे कवच असते, तिथे हात कच्चा पडून चालत नाही. त्याचे काटे टोकदार असतात, जाळ्यात अडकला की जाळे फाडतो, तेव्हा बोटे सांभाळा. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्याकडे आला तो घरच्या काचेच्या टाक्यांतून. टाकीत मावेनासा झाला की लोक जवळच्या नदीत सोडून मोकळे होतात. सकर खड्डा करून पुरून टाका. पुण्याच्या मुळा-मुठेसारख्या सांडपाण्याच्या नदीतला कुठलाच मासा खाऊ नका, परका असेल तर तोही पुरा.

मात्र ओळख पटल्याशिवाय हात उगारू नका. आपला देशी मांगूर त्या आफ्रिकन माशासारखाच दिसतो, मिशाही तशाच असतात, आणि तो आधीच दुर्मीळ होत चालला आहे. शंका असेल तर चांगल्या उजेडात डोक्याचा वरून आणि अंगाचा बाजूने फोटो काढा, जाणकाराला दाखवा. तोवर मासा बादलीत ठेवता येतो.

परका म्हणजे परदेशीच असेही नाही. इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक सायक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्याची नोंद केली तो आपला महसीर, लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास झाली आणि पिल्ले दूरदूरच्या नद्यांत गेली. कावेरीत तो इतका माजला की तिथला कुबड्या महसीर मागे पडला आणि 2018 पासून अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. हे लक्षात आले तेही गळवाल्यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या नोंदींमुळे. म्हणून माझी सगळ्यांना विनंती आहे की कुठे, कधी, कोणता मासा, किती लांब, एवढे वहीत टिपत चला.

मत्स्यव्यवसाय विभागाकडे दोन मागण्या आहेत. जिथे लोक गळ घेऊन बसतात त्या धरणांच्या काठावर देशी आणि परक्या माशांची मोठी रंगीत चित्रे असलेले मराठी फलक लावावेत, आणि परका मासा सापडल्यास फोटो पाठवता येईल असा एक व्हॉट्सॲप क्रमांक त्यावर ठळक छापावा. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदारांनाही नकोसे झालेले मासे परत घेणे बंधनकारक करावे. पावसाळ्यात पाणी चढते आणि एका तळ्यातले मासे दुसरीकडे वाहून जातात, त्याआधी हे व्हायला हवे.

आपला,
भीमाकाठचा एक वाचक, दौंड