पांढऱ्या एकवीस, तपकिरी सात

फोंडा

बाय,

सासूबाई जवळ होत्या म्हणून फोनवर तू "डाग पडतात गे" एवढंच पुटपुटलीस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण माझा फोन तुझे बाबाच जास्त वाचतात. म्हणून हे पत्र.

मधेच रक्ताचे डाग पडतात म्हणून पाळणा लांबवायच्या गोळ्या बंद करू नकोस. मी अशीच घाबरून माला-डी दुसऱ्या महिन्यात सोडली होती. तुझा भाऊ हा त्याचा परिणाम. त्याला सांगू नकोस.

पाकिटातल्या एकवीस पांढऱ्या गोळ्यांतली हार्मोन्स गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवतात. सवय होईपर्यंत ते मधूनच थोडं सुटतं, तेच हे डाग. पहिली तीनेक पाकिटं असं चालतं, मग बहुतेक जणींचं थांबतं. गोळी चुकली की डाग वाढू शकतात, म्हणून रोज एकच वेळ ठेव.

तपकिरी सात गोळ्यांत हार्मोन नसतं, लोह असतं. पांढऱ्या संपल्या की दोन-तीन दिवसांत अंगावर जातं, पण ती खरी पाळी नव्हे. त्या महिन्यात अंडं सुटलेलंच नसतं. म्हणून कधी दोनच दिवस, कधी नुसतं काळपट. रक्त आत साठून राहतं असं आजी म्हणेल. अस्तरच जाड झालं नाही तर साठणार काय? उलट दर महिन्याला पोट धरून बसायचीस, ते कमी होईल. एखाद्या महिन्यात काहीच गेलं नाही, आणि मध्ये गोळ्या चुकल्या असतील किंवा उलट्या-जुलाब झाले असतील, तर मात्र चाचणी करून बघ.

आता मला खरी झोप न लागण्याचं कारण. दहावीत तुझं अर्धं डोकं दुखायचं, आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्या रेषा चमकतात म्हणायचीस. डॉक्टरांना हे सांगितलंस का? तशी अर्धशिशी असली तर दोन हार्मोन्सची ही गोळी देत नाहीत, मेंदूत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी सोडायला डाग हे कारण नव्हे, हे आहे. हे पत्र मिळाल्या मिळाल्या त्यांना फोन कर, त्या दुसरं काहीतरी देतील. आणि एकच पाय सुजून पिंढरी दुखली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर फोनही नको, सरळ इस्पितळात जा आणि गोळी घेते हे पहिल्यांदा सांग.

चवथीला अडचण येऊ नये म्हणून तपकिरी गाळून लगेच दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करतात, हे शेजारीण सांगेलच. तसं करता येतं, डॉक्टरांना विचारून. पण आत्ताच सुरुवात आहे, डाग तरीही पडतील. माझं विचारशील तर, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायला तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. तू बस निवांत.

पातोळ्यांसाठी परसातली हळदीची पानं भावाबरोबर रविवारी पाठवते. तो यायच्या आत हे पत्र फाडून टाक.

आई