दत्तकपालकांच्या गटाला खोली द्या, निरीक्षक नको

माननीय महिला व बालविकास मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी दत्तक मुलीची आई आहे आणि दत्तकपालकांच्या एका गटात अनेक वर्षे जाते आहे. आमच्या एका बैठकीत नुकतीच आई झालेली एक बाई बराच वेळ गप्प बसून अखेर म्हणाली, “मूल घरी येऊन तीन महिने झाले, मी त्याचे सगळे करते, पण अजून माया वाटत नाही.” कोणी दचकले नाही. शेजारच्या दोघींनी आपल्याला किती महिने लागले ते सांगितले. संस्थेत वाढलेले मूल बिस्किटे उशीखाली का लपवते, पुढचे खाणे मिळेलच याचा भरवसा त्याला यायला वेळ का लागतो, हे एका बापाने स्वतःच्या अनुभवातून समजावले. याच बाईने आदल्या आठवड्यात गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेला ‘सगळे छान आहे’ असे सांगितले होते. तिला दोष कसा द्यावा? जिच्या अहवालाची धास्ती आहे, तिच्यापाशी मन कोण मोकळे करील?

इच्छुक पालक तर आणखी एकटे असतात. गरोदर बाईची विचारपूस सारेच करतात. कागदपत्रे देऊन वाट पाहत बसलेल्या जोडप्याशी काय बोलावे हे नातेवाइकांनाही कळत नाही (आणि बोललेच, तर नको ते बोलतात). गटात आलेले जोडपे मूल येण्याआधीच दत्तक मुलांना आणि त्यांच्या आईबापांना जवळून पाहते. मोठ्या वयाचे किंवा आजारी मूल आपल्याला झेपेल का, याचा विचार तिथे अधिक खरेपणाने होतो, आणि तो करून कोणी माघार घेतली तरी ती मुलाच्या हिताचीच ठरते. दत्तक असल्याचे मुलाला कोणत्या शब्दांत सांगावे, शाळेने वंशवृक्ष काढायला दिला तर काय करावे, हेही तिथेच कळते.

आंतरदेशीय दत्तकविधानासंबंधीच्या २९ मे १९९३ च्या हेग कराराचे नववे कलम दत्तकविषयक समुपदेशन आणि दत्तकोत्तर सेवा यांच्या विकासाला चालना देण्यास सांगते. करार परदेशी जाणाऱ्या मुलांपुरता आहे. देशातच घर मिळालेल्या मुलाची गरज मात्र त्याहून कमी नसते.

आमचे मागणे थोडे आहे. महिन्यातून एकदा एक खोली, तेवढा वेळ मुलांना सांभाळणारे कोणी, आणि आईची उदासी लांबली किंवा मुलाचे वागणे आमच्या आवाक्याबाहेर गेले, तर बोलावता येईल असा समुपदेशक. गटाची माहिती दत्तकाच्या आदेशासोबत देण्याऐवजी दत्तकासाठी नोंदणी करतानाच अर्जदाराला द्यावी. हजेरीची सक्ती नसावी, नावानिशी इतिवृत्त मागू नये. मुलाला धोका दिसला तर आम्ही स्वतःहून कळवू, ते आमचे कर्तव्यच आहे. परंतु गृहभेटीचा अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीला कृपया त्या खोलीत बसवू नये.

आपली नम्र,
एक दत्तकमाता