मॉड्यूल घालायला शिकवता, काढायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांवर आपल्याकडे छापून येणारी पत्रे आवर्जून वाचतो. एक मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही. मुले लिनक्सचे कर्नल मॉड्यूल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालू असतानाच घालता-काढता येणारा कोडचा तुकडा, लिहायला शिकतात. चालू मशीनमधून ते सुखरूप काढायचे कसे, यावर मात्र एक तासही खर्च होत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी याचे परिणाम भोगले. भट्टीचे तापमान नेटवर्कवरून देणारे एक मॉड्यूल होते. नवी आवृत्ती घालायची म्हणून जुने काढले. सगळे ठीक दिसत होते. दहा मिनिटांनी शेजारच्या संगणकाने जोडणी मागितली आणि मशीन जागच्या जागी गोठले. रात्रभर आम्ही केबल आणि स्विच तपासत बसलो! मॉड्यूल गेले, त्याच्या कोडची मेमरी मोकळी झाली, पण सॉकेट (नेटवर्कवरच्या जोडणीचे टोक) उघडेच राहिले होते आणि त्यावर जोडणीची वाट पाहणारा थ्रेड, म्हणजे मॉड्यूलचा कोड चालवणारा स्वतंत्र धागा, झोपलेलाच होता. जोडणी येताच तो जागा झाला, तर पुढे चालवायला त्याचा कोडच जागेवर नव्हता.

साधा प्रोग्रॅम कोसळला तर त्याची सॉकेट कर्नल आपणहून बंद करतो. कर्नलच्या आत उघडलेले सॉकेट आवरायला मागे कुणी नसते. म्हणून क्रम पाळावाच लागतो. आधी सॉकेट शटडाउन करायचे, म्हणजे त्यावरची देवाणघेवाण थांबवायची, की जोडणी स्वीकारणाऱ्या अ‍ॅक्सेप्टवर अडकलेला थ्रेड एरर घेऊन सुटतो. पण केथ्रेड-स्टॉपची (थ्रेडला थांबायला सांगणाऱ्या कर्नलमधल्या फंक्शनची) हाक येईपर्यंत त्याने संपायचे नाही. तो थांबल्यावरच सॉकेट रिलीज करायचे, म्हणजे कायमचे मोकळे करायचे. शटडाउन विसरून थेट थ्रेड थांबवायला गेलात, तर मॉड्यूल काढणारी कमांडच लटकते.

केएसएमबीडी हा फाइल सर्व्हर २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ सोबत कर्नलच्या आत आला. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची त्यातली एक चूक डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. लॉगिन न करता दूरवरून कर्नलमध्ये कोड चालवता येत होता, आणि सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटी गोळा करून जाहीर करणाऱ्या झीरो डे इनिशिएटिव्हने तिच्या गांभीर्याला १० पैकी १० गुण दिले. म्हणूनच नेटवर्कवर जोडण्या घेण्याचे काम कर्नलबाहेर होण्यासारखे असेल तर बाहेरच करावे, असे माझे ठाम मत आहे.

विद्यापीठांना विनंती आहे की, सॉकेटवर ऐकणारे एक मॉड्यूल प्रात्यक्षिकात ठेवा. दुसऱ्या मशीनवरून जोडण्या सतत येत असताना ते शंभर वेळा घालायला आणि काढायला लावा, आणि गुण काढण्याला द्या.

कळावे,
एक सिस्टिम प्रोग्रॅमर, पुणे