२१ जनुकांचा अहवाल आणि आईची केमोथेरपी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आईचा स्तनाचा कर्करोग काखेतल्या एका गाठीपर्यंत (लसिका ग्रंथीपर्यंत) पोहोचलेला असताना केमो न देणे म्हणजे उपचार अर्धवट सोडणे नव्हे का, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर घाईघाईने देऊ नये असे वाटले, म्हणून हे पत्र.

आई, ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी तुझ्या रक्ताची नव्हती. शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनातल्या गाठीचा तुकडा पॅराफिनच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, तोच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथे २१ जनुके किती सक्रिय आहेत हे मोजतात. त्यांतली १६ कर्करोगाशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी असतात. पेशी किती वेगाने वाढत आहेत, इस्ट्रोजेनला त्या कितपत प्रतिसाद देतात, अशा गोष्टींवरून ० ते १०० मधला एक आकडा काढला जातो आणि त्याला रिकरन्स स्कोअर, म्हणजे आजार उलटण्याच्या शक्यतेचा आकडा, म्हणतात. तुझा स्कोअर १७ आला आहे. पॅथॉलॉजीच्या पहिल्या अहवालातून गाठ केवढी होती आणि कुठवर पोहोचली होती हे कळले. केमोचा तुला उपयोग होईल का, हे मात्र त्यातून कळत नव्हते.

या ‘जनुक’ शब्दामुळे तू माझी काळजी करत बसली आहेस, हे बाबांकडून समजले. ही गाठीतल्या जनुकांची हालचाल आहे, आईकडून मुलीकडे येणारा दोष नव्हे. तो शोधण्यासाठी बीआरसीए जनुकांची वेगळी तपासणी असते. ती आपल्याला हवी का, हे मी डॉक्टरांना स्वतंत्रपणे विचारीन. पण या अहवालाचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा कृपा करून ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता बाबांचा मुद्दा. काखेतली गाठ बाधित निघाली की केमो द्यायचीच, अशी पद्धत बरीच वर्षे होती आणि तुमच्या ओळखीतल्या सगळ्यांना ती मिळाली, हे खरेच आहे. पण २०२१ मध्ये आरएक्सपाँडर या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काखेतल्या १ ते ३ गाठी बाधित असलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनमुळे वाढणाऱ्या) व हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे प्रथिन जास्त नसलेल्या) कर्करोगाच्या आणि २५ पर्यंत स्कोअर असलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात होत्या. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी केमोसह हार्मोनविरोधी औषध घेणाऱ्या ९१.३ टक्के, तर केमोशिवाय केवळ ते औषध घेणाऱ्या ९१.९ टक्के स्त्रिया पाच वर्षांनी आजार न उलटता हयात होत्या. म्हणजे केमोने त्यांना काहीच अधिक दिले नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना मात्र केमोचा स्पष्ट फायदा झाला, म्हणून आईच्या जागी चाळिशीतली बाई असती तर याच स्कोअरवर मी केमोचा आग्रह धरला असता. आई ६४ वर्षांची आहे.

ती चाचणी नऊ देशांत झाली आणि त्यांत भारत नव्हता, याची मलाही रुखरुख वाटली. डॉक्टरांना तसे विचारलेही. एकट्या आकड्यावर आपण विसंबत नाही, आईचे वय, गाठीची ग्रेड (तिच्या पेशी किती बिघडलेल्या दिसतात), काखेतली एकच बाधित गाठ आणि तिचा मधुमेह हे सगळे एकत्र पाहून हा सल्ला दिला आहे, असे त्यांनी सांगितले. मला ते पटले. केमोने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, पांढऱ्या पेशी घटून संसर्गाचा धोका वाढतो, आणि मधुमेहात ही दोन्ही संकटे अधिक जड जातात. फायद्याची आशा असती तर आपण ते सोसलेच असते; ती नसताना आईला त्यातून नेणे मला मान्य नाही. तपासणीचा खर्च डोईजड झाला हे मला माहीत आहे, पण तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

केमो नाही म्हणून उपचार संपले, असे मात्र कोणीही समजू नये. रेडिएशन ठरल्याप्रमाणे होईल, आणि खरा भार लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाच्या रोजच्या गोळीवर आहे. वरचे ९१.९ टक्के ज्यांचे, त्या हार्मोनविरोधी औषध घेणाऱ्या स्त्रिया होत्या. ही गोळी किमान पाच वर्षे घ्यायची आहे. सांधे दुखतात, अंगातून गरम वाफा निघतात, हाडे विरळ होतात, आणि या त्रासाला कंटाळून अनेक जणी ती मध्येच बंद करतात. आई, तुझा सोसण्याचा स्वभाव मला ठाऊक आहे, पण इथे गप्प राहून सोसू नकोस. त्रास झाला तर लगेच सांग, कारण या गटातले औषध बदलून देता येते. बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद होणार नाही, एवढे तुम्ही पाहावे.

पुढच्या तपासणीला येताना पॅथॉलॉजीचा मूळ अहवाल, हा नवा अहवाल आणि साखरेचे अलीकडचे आकडे एका फायलीत घेऊन या. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी गोळी सुरू होण्याच्या सुमारास करून घ्यायची आहे. तिची वेळ मी त्याच दिवशीची घेते. तुमच्या मनात आणखी काही शंका असतील तर, बाबा, त्या कागदावर लिहून आणा, आपण तिघे मिळून डॉक्टरांना विचारू.

तुमची लेक