पडवळाच्या मांडवाखाली बॅटरी घेऊन आलेल्या काकूंना

प्रिय काकू,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

वेल मांडवभर पसरला होता, फुलंही भरपूर होती, पण फळ धरत नव्हतं. बोटभर पडवळं पिवळी पडून गळायची. खत घाल, औषध मार, असं पुष्कळांनी सांगितलं. तुम्ही मात्र विचारलंत, "फुलं रात्री पाहिलीस का गं?" आणि अंधार पडताच स्वतः आलात.

ते फूल मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि कडांना बारीक दोऱ्यांची झालर. पडवळ फुलतं दिवस मावळल्यावर आणि सकाळी मिटतं, त्यामुळे त्याची सगळी मदार रात्रीच्या पतंगांवर. दिव्यांचा झगमगाट असेल किंवा संध्याकाळी फवारणी झाली असेल, तर ते कसे फिरकणार! हे त्या सल्लागारांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

नर फुलं लांब दांडीवर घोसाने येतात, मादी फूल एकटं, मागे इवलंसं लवदार पडवळ घेऊनच. तुम्ही ताजं नर फूल खुडलंत, पाकळ्या मागे सारल्यात आणि त्यातले पिवळे पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवलेत. "घासायचं नाही, नुसतं टेकवायचं." दोन फुलं तुम्ही केलीत आणि तिसरं माझ्या हातात दिलंत. काकू, खरे आभार त्या तिसऱ्या फुलाचे आहेत. सगळी फुलं तुम्हीच केली असतीत, तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुमची वाट बघत बसले असते.

पुढे फळं वाकडी व्हायला लागली तेव्हा टोकाला सुतळीने छोटा दगड बांधायला शिकवलंत. त्या वजनाने ती सरळ लोंबत वाढली. कोवळी असतानाच काढायची, कारण जून झाली की साल राठ होते आणि चव कडवट, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता एक निरोगी फळ बियांसाठी वेलावरच राखलंय. नारिंगी रंग चढू लागलाय. पूर्ण पिकलं की लाल गरातून बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून घेऊन येते. निम्मं बी तुमचं. विषय बदलू नका.

तुमची,
मांडववाली शेजारीण