हप्ता का थांबवत नाही

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबांनी मुलीच्या पोटगीच्या हप्त्याविषयी जे विचारले त्याचे नीट उत्तर मला तेव्हा देता आले नाही. "फेरआकारणीचा निकाल लागेपर्यंत हप्ता थांबव, उशीर त्यांचा आहे, भुर्दंड तू का सोसतोस?" असे बाबा म्हणाले, पाठोपाठ आईने बांगड्यांचा विषय काढला, आणि मी कामाचे निमित्त सांगून फोन ठेवला. त्याबद्दल क्षमा असावी. या प्रकरणात इतक्या तारखा आणि इतके आकडे आहेत की ते बोलण्यात सांगायला गेले तर तक्रारीसारखे ऐकू येते. म्हणून कागदावर मांडतो आहे.

ब्रिटनमध्ये मुलांच्या पोटगीचा आकडा सहसा न्यायाधीश ठरवत नाही. १९९१ च्या कायद्यानंतर, १९९३ पासून, आईवडिलांचे आपसात जमत नसेल तर ते काम सरकारी यंत्रणेकडे आले आणि २०१२ पासून सध्याची पद्धत सुरू झाली. आकडा काढणे अवघड नाही. ज्याने पैसे द्यायचे त्याचे आठवड्याचे उत्पन्न पेन्शनची वर्गणी वजा करून, पण करापूर्वीचे, धरतात आणि ते २०० ते ८०० पौंडांच्या दरम्यान असेल तर एका मुलासाठी त्याच्या शेकडा १२ घेतात. मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहत असेल तर त्यातून एक सप्तमांश कमी होतो. माझे उत्पन्न आठवड्याला ७०० पौंड होते, त्याचे ८४ झाले, आणि तुमची नात एक आड एक शनिवार-रविवार व सुट्टीतले काही दिवस माझ्याकडे राहते म्हणून त्यातले १२ जाऊन ७२ पौंड ठरले. हे मी आजवर बिनचूक भरत आलो आहे. जानेवारीत लागलेल्या नव्या नोकरीत मला आठवड्याला ४९० पौंड मिळतात. त्याच हिशेबाने माझा हप्ता ५० पौंड ४० पेन्स व्हायला हवा. म्हणजे मी दर आठवड्याला २१ पौंड ६० पेन्स जास्त भरतो आहे. १४ जानेवारीला मी बदल कळवला, आज २० मे, बरोबर १८ आठवडे. एकूण ३८८ पौंड ८० पेन्स. बाबांनी फोनवर याहून बराच मोठा आकडा धरला होता, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता उशीर का होतो ते सांगतो, कारण "तिकडेसुद्धा असेच चालते का?" हा आईचा प्रश्न मनात राहिला आहे. पद्धत झटपट व्हावी म्हणून उत्पन्नाचा आकडा माणसाला न विचारता थेट कर खात्याकडून घेतात, आणि दर वर्षी एकदा आढावा घेऊन तो नवा करतात. पण कर खात्याकडे असतो तो पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाचा आकडा, आणि इथले आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते. माझा आढावा मार्चमध्ये येतो. त्यामुळे यंदाच्या मार्चमध्ये त्यांनी माझे जे उत्पन्न धरले ते गेल्या एप्रिलमध्ये संपलेल्या वर्षाचे, म्हणजे जुनी नोकरी जोरात चालू असतानाचे होते. नोव्हेंबरात ती गेली, हे त्या आकड्याच्या गावीही नाही. झटपट होण्यासाठी जे केले त्यामुळेच ताजी अडचण नजरेआड होते, हे मला या चार महिन्यांत कळले.

यावर कायद्यात सोय आहे. चालू उत्पन्न धरलेल्या आकड्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी वेगळे असेल तर पुरावा देऊन ते धरायला लावता येते. माझे ३० टक्क्यांनी घटले आहे, म्हणून मी त्यात बसतो. पुरावा म्हणजे पगाराच्या पावत्या, आणि इथेच गाडी अडली. मी १२ जानेवारीला रुजू झालो, त्यामुळे पहिली पावती अर्धवट महिन्याची निघाली. ती पाठवली तर पूर्ण महिन्याची मागितली. फेब्रुवारीची पावती संकेतस्थळावर चढवली. तीन आठवड्यांनी फोन केला तेव्हा ती नोंदीत दिसत नसल्याचे एकाने सांगितले, दुसऱ्याने दिसत असल्याचे सांगितले. मग छापील प्रत टपालाने पाठवली. एवढ्यात मार्चमध्ये वार्षिक आढाव्याचे पत्र आले, त्यात जुनेच ७२ पौंड, आणि माझ्या जानेवारीच्या अर्जाचा उल्लेखसुद्धा नाही. माझा अर्ज फेटाळला असा माझा समज झाला आणि मी दोन आठवडे ते पत्र तसेच पडू दिले. वास्तविक तो अर्ज वेगळा आणि आढावा वेगळा होता, एकावर निर्णय व्हायचा होता आणि दुसऱ्यावर झाला होता. आढाव्याचा निर्णय मान्य नसेल तर पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत फेरविचार मागावा लागतो. चोविसाव्या दिवशी पत्राची मागची बाजू वाचताना ते माझ्या लक्षात आले. त्याच रात्री फेरविचाराची मागणी पाठवली. फेरविचारानंतरही आकडा चुकीचाच राहिला तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याला फी नाही आणि वकील लावावाच लागतो असेही नाही. म्हणून बाबांनी वकिलाच्या खर्चाची काळजी करू नये.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलात, त्यामुळे हे वाचून तुम्हाला हसू आले तरी मला राग येणार नाही. मी एक वही केली आहे. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक; कोणते पत्र कोणत्या तारखेचे आणि माझ्या हाती कधी पडले, कोणता कागद कोणत्या मार्गाने गेला, फोनवर कोण बोलले, किती वाजता, काय म्हणाले. लहानपणी तुमच्या कचेरीतली ती जाड नोंदवही पाहून मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. परवा फोनवरच्या बाईंनी माझा १४ जानेवारीचा निरोप नोंदीत नसल्याचे सांगितले, तेव्हा वहीतून वेळ आणि संदर्भ क्रमांक वाचून दाखवला आणि दोन मिनिटांत तो त्यांना सापडला. ती तारीख माझ्यासाठी फार महत्त्वाची आहे, कारण नवा आकडा बदल घडल्या तारखेपासून नव्हे, तर तो कळवल्या तारखेपासून लागू होतो. निर्णय जूनमध्ये होवो की ऑगस्टमध्ये, हिशेब १४ जानेवारीपासूनच होईल आणि जास्त भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती करून घेता येईल. नोव्हेंबर ते जानेवारी मी बेकार असताना मात्र काहीच कळवले नाही. आठ दिवसांत दुसरी नोकरी मिळेल या भरवशावर शिलकीतून हप्ते भरत राहिलो. तो फरक आता परत मिळायचा नाही. तेवढा दोष माझा, आणि तो मी कोणावर ढकलत नाही.

आता हप्ता थांबवण्याविषयी. निर्णय लागेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने माझा आकडा ७२ पौंडच आहे. त्यातले काहीही कमी भरले तर ती थकबाकी होते, मग माझी बाजू कितीही खरी असो. सध्या मी पैसे थेट मुलीच्या आईच्या खात्यावर भरतो आणि त्यावर कोणालाच काही शुल्क पडत नाही. हप्ते बुडाले म्हणून तिने कळवले तर वसुली सरकार आपल्याकडे घेते, आणि तसे झाले की देणाऱ्याकडून २० टक्के जादा घेतात व घेणाऱ्याच्या रकमेतून ४ टक्के कापतात. म्हणजे माझ्या खिशातून ८६ पौंड ४० पेन्स जातील आणि तिथे पोचतील ६९ पौंड १२ पेन्स. शिवाय पगारातून परस्पर कपातीचा आदेश नव्या मालकाकडे जाऊ शकतो, आणि रुजू होऊन चारच महिने झालेल्या माणसाचा तसा कागद कचेरीत फिरलेला मला नको आहे. या आतबट्ट्याच्या व्यवहारातून मिळणार काय, तर माझा राग तेवढा व्यक्त होईल.

ही झाली हिशेबाची बाजू. दुसरी एक गोष्ट आजवर तुम्हाला सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा पगार वाढला होता, ते तुम्हाला आठवत असेल. आईने फोनवर देवापुढे साखर ठेवल्याचे सांगितले होते. त्या वेळी उत्पन्न आठवड्याला ६१६ पौंडांवरून ७०० पौंडांवर गेले. वाढ २५ टक्क्यांपेक्षा कमी होती, ती कळवण्याचे बंधन कायद्याने माझ्यावर नव्हते, आणि मी कळवलीही नाही. वर सांगितलेल्या त्याच रीतीमुळे ती वाढ पोटगीच्या आकड्यात उतरायला बावीस महिने लागले, आणि वार्षिक आढाव्यातला नवा आकडा मागच्या तारखेपासून लागू होत नसल्यामुळे मधला फरक मुलीच्या आईला कधीच मिळाला नाही. गेल्या आठवड्यात रात्री झोप येईना, तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर मी तो हिशेब मांडला. आठवड्याला साडेआठ पौंडांच्या वर, सगळे मिळून आठशे पौंडांच्या घरात. आज ज्या ३८८ पौंडांसाठी आपण तिघे सचिंत आहोत, त्याच्या दुप्पट रक्कम त्याच उशिराने माझ्या खिशात राहू दिली होती, आणि तेव्हा मला कार्यालयाच्या संथपणाबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. तिला ती वाढ माहीत होती, कारण मुलीने घरी जाऊन सांगितलेच असणार. तरी तिने कधी विषय काढला नाही.

या वेळी फेब्रुवारीत मी तिला सरळ सांगितले की माझा पगार घटला आहे आणि फेरआकारणी मागितली आहे. आपसात कमी आकडा ठरवता येईल का, असेही विचारले. तसे ठरवायला कायद्याची आडकाठी नाही. घरभाड्याचा करार ऑगस्टपर्यंतचा असल्यामुळे निर्णयाचे पत्र हाती येईपर्यंत आहे तेच चालू ठेवावे, असे ती म्हणाली. मी पुन्हा विचारले नाही. आईला एकच विनंती आहे, की नातीशी व्हिडिओवर बोलताना हा विषय, अगदी आडवळणानेसुद्धा, काढू नये. तिने माझ्याकडे राहायला येणे आणि पोटगी या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या मनातही त्या वेगळ्याच राहाव्यात.

बांगड्या कपाटात असू देत, आणि बाबांनी मुदत ठेव मोडू नये. आठवड्याला साडेएकवीस पौंडांची ओढाताण मला झेपण्यासारखी आहे. गाडी विकली, बसने जातो. डिसेंबरातले तिकीट मात्र अजून काढलेले नाही. निर्णय आल्यावर बघू. जूनअखेरपर्यंत उत्तर आले नाही तर लेखी तक्रार करायची, आणि तिच्या अंतिम उत्तरानेही समाधान झाले नाही तर सहा महिन्यांच्या आत स्वतंत्र परीक्षकाकडे जायचे, असे ठरवले आहे. इथल्या खासदाराच्या कार्यालयालाही पत्र लिहिले आहे. अशा अडकलेल्या कागदांची चौकशी करणे हा त्यांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

बाबांकडे एक काम आहे. मागच्या खेपेला मी जी निळी फाईल तुमच्या कपाटात ठेवली, तिच्यात सगळ्यात खाली पहिल्या आकारणीचे पत्र असेल, बहुधा चार पानी. त्याच्या तिसऱ्या पानावर मुलगी माझ्याकडे किती रात्री राहते त्याची नोंद आहे, आणि फेरविचारात ती पुन्हा तपासणार असल्याचे मला सांगण्यात आले आहे. त्या पानाचा स्पष्ट फोटो, वरची तारीख आणि संदर्भ क्रमांक दिसेल असा, शुक्रवारपर्यंत पाठवावा. मूळ पत्र फाईलमध्येच राहू द्यावे.

तुमचा
मुलगा