मैदानी खेळाडूंचे आकडे जिल्ह्याने जपावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होऊ लागला, याचा प्रत्येक सातारकराला अभिमान आहे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी जिंकलेले कांस्यपदक आपल्या भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामागे कुस्तीची आठवण राखणारी जुनी परंपरा आहे, असे मला वाटते. तालमीत वस्ताद जुन्या पैलवानांचे डाव शिकवताना त्यांची नावे सांगतात, आणि यात्रेच्या फडात कोणी कोणाला कोणत्या डावावर चीतपट केले हे गावातली वडीलधारी मंडळी वर्षानुवर्षे सांगत राहतात. धावणे, फेक, उडी या मैदानी खेळांना असा आधार नाही. तिथली कामगिरी सेकंदांत आणि मीटरमध्ये मोजली जाते, आणि तो आकडा कोणी लिहून ठेवला नाही तर पुढच्या पिढीपर्यंत फक्त नाव पोहोचते. या त्रुटीकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांचेच उदाहरण घेऊ. त्या रिओ ऑलिंपिकला गेल्या होत्या, एवढे जिल्ह्यात बहुतेकांना माहीत आहे. परंतु २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या या धावपटूने ४२ किलोमीटरचा पल्ला सोडून ३००० मीटर स्टीपलचेस हा सर्वस्वी वेगळा प्रकार निवडला, ही गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला तर पडतो, इथला पडत नाही, त्यामुळे दमलेल्या पायांनी केलेली छोटीशी चूकही महागात पडते. २०१४ च्या इंचिऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी वुहानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्णपदक आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक आला. १३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओतील प्राथमिक फेरीत त्या ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावल्या. दोन वर्षांहून कमी काळात साडेपंधरा सेकंदांची ही सुधारणा आहे आणि एकेक सेकंदासाठी हंगामच्या हंगाम घालवणाऱ्या खेळाडूंना तिचे मोल सांगावे लागत नाही. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी गाठलेल्या अंतिम फेरीनंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. १५ ऑगस्टला झालेल्या अंतिम शर्यतीत त्यांचा दहावा क्रमांक आला. प्राथमिक फेरीतील वेळेचा त्यांचा राष्ट्रीय विक्रम २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी बुडापेस्ट येथे मोडला, म्हणजे तो सात वर्षे टिकला.

माणगंगेच्याच खोऱ्यातील, परंतु सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ या हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या गटात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. शालेय वयातील अपघातात हात कायमचा अधू झाल्यावर त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले आणि २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपदही जिंकले. जिल्ह्यांची सीमा मध्ये आल्याने या दोन खेळाडूंची नावे क्वचितच एकत्र घेतली जातात, वास्तविक हा एकाच दुष्काळी माणदेशाचा क्रीडा इतिहास आहे. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकणारे सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर त्याच स्पर्धेत भालाफेकीतही उतरले होते, ही बाब तर त्यांच्या सत्कारप्रसंगीही फारशी सांगितली जात नाही.

मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. शालेय मैदानी स्पर्धांच्या निकालपत्रकावर प्रथम, द्वितीय, तृतीय असे क्रमांक आणि शाळेचे नाव लिहिले जाई. स्टॉपवॉच हातात असूनही वेळेचा रकाना अनेकदा कोराच राही आणि ती पत्रके पुढे रद्दीत जात. त्यामुळे आठशे मीटर चांगले धावणाऱ्या मुलीला आपण तालुक्यात पहिल्या आलो एवढेच कळे. दहा वर्षांपूर्वीच्या मुलीपेक्षा आपण पुढे आहोत की मागे, हे तिला सांगण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते, आणि याची खंत मला आजही वाटते.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा यंत्रणांना माझी विनंती आहे, की प्रत्येक मैदानी प्रकारातील मुला-मुलींचा जिल्हा विक्रम वेळ अथवा अंतर, दिनांक, स्थळ आणि खेळाडूचे गाव यांसह नोंदवावा आणि त्याचा फलक क्रीडा संकुलात धावपट्टीच्या कडेला कायम लावावा. दिव्यांग खेळाडूंचे विक्रम त्याच फलकावर असावेत. जुनी निकालपत्रके, प्रमाणपत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे निवृत्त शिक्षकांच्या व खेळाडूंच्या घरी अजून सापडतील. ती मिळवण्याचे काम त्या पिढीतील माणसे हयात असतानाच व्हायला हवे. आपल्या दैनिकाने वाचकांना तसे आवाहन केले, तर आलेली कागदपत्रे वर्षवार व प्रकारवार लावून देण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा